चूक कळायला किती वेळ लागतो?

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात सध्या एकच प्रश्न चहूकडून विचारला जातोय: एआयमुळे काम किती पट वेगानं होणार? क्लायंट विचारतो, कारण पुढच्या करारात त्याला दर कमी करून हवा आहे. मॅनेजर विचारतो, कारण तेवढ्याच माणसांत त्याला आणखी दोन प्रोजेक्ट बसवायचे आहेत. हिंजवडीत किंवा ऐरोलीत नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी विचारते, कारण आपलं पुढे काय होणार याची तिला धास्ती आहे. तिघांचीही काळजी खरी आहे. पण सॉफ्टवेअर बनवण्यातला वेळ मुख्यतः कोड लिहिण्यात जातो, असं या प्रश्नात धरून चाललेलं असतं. गेल्या जवळपास साठ वर्षांत या व्यवसायानं स्वतःच्या वेगाबद्दल जे काही शोधलं, त्यातलं बहुतेक सगळं याच्या उलट सांगतं.

हा आढावा त्या शोधाचा आहे. माझं म्हणणं आधीच मांडतो. या काळात पद्धती शेकड्यानं आल्या आणि गेल्या. ज्या टिकल्या त्यांनी एकच काम केलं: चूक होणं आणि चूक कळणं यांच्यातलं अंतर कमी केलं. एखाद्या टीमचा किंवा एकट्या माणसाचा खरा वेग या अंतरावर ठरतो. एआयचा हिशेबही इथेच मांडायला हवा.

मोजायचं काय?

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या पुढाकारानं एक परिषद भरली आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथून रुळलं. तक्रारी आजच्यासारख्याच होत्या. प्रकल्प वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि हाती येतं ते नीट चालत नाही. त्याच वर्षी हॅरॉल्ड सॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा अनुभवी प्रोग्रॅमरांना सारखंच काम दिलं होतं. बग शोधून काढायला लागलेल्या वेळात सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान माणसात २८ पट फरक निघाला. ‘एक प्रोग्रॅमर दहांच्या तोडीचा’ या समजुतीला मोठं बळ मिळालं ते इथून. १९९९ मध्ये लुट्झ प्रेशेल्ट या संशोधकानं मूळ आकडे पुन्हा तपासले. वेगवेगळ्या परिस्थितीत काम केलेल्या माणसांची सरमिसळ करून तो आकडा आला होता, म्हणून तो दिशाभूल करतो, असं त्यानं दाखवून दिलं. माणसामाणसांत फरक असतोच, पण तो एवढा नसतो. तरीही भरतीच्या जाहिरातींत ‘रॉकस्टार’ आणि ‘टेन-एक्स’ अजून झळकतात.

माणूस मोजता येईना म्हणून ओळी मोजल्या गेल्या. त्याचं काय होतं, हे १९८२ मध्ये ॲपलच्या ‘लिसा’ संगणकावर काम करणाऱ्या टीममध्ये दिसलं. प्रत्येक इंजिनिअरनं आठवड्यात किती ओळी कोड लिहिला ते फॉर्मवर भरायचं, असा नियम निघाला. बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास चित्रं रेखाटणाऱ्या ‘क्विकड्रॉ’चा एक भाग नव्यानं लिहिला होता. तो भाग आधीपेक्षा कितीतरी वेगानं चालू लागला आणि सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर उणे दोन हजार असा आकडा लिहून दिला. काही आठवड्यांनी त्यांच्याकडून फॉर्म मागणंच बंद झालं. त्या फॉर्मच्या हिशेबानं त्या आठवड्यातलं सर्वांत मोलाचं काम तोट्यात जमा होत होतं.

माणसं वाढवूनही पाहिली गेली. आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’च्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात या उपायाची चिकित्सा केली. उशीर झालेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली की उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचा वेळ जातो. शिवाय पाच जणांत आपसांतल्या बोलण्याच्या दहा जोड्या असतात, तर दहा जणांत पंचेचाळीस. पुढे १९८६ मध्ये त्यांनी आणखी मूलभूत गोष्ट सांगितली. सॉफ्टवेअरमधली एक अडचण साधनांची असते, ती चांगल्या साधनांनी कमी होते. दुसरी अडचण प्रश्नाच्या स्वतःच्या गुंत्याची असते, आणि नेमकं काय बनवायचं आहे हे ठरवण्यात ती असते. तिच्यावर जालीम उपाय नाही. दहा वर्षांच्या आत उत्पादकता दसपट करून देईल असं कुठलंही एक तंत्र दिसत नाही, हे त्यांचं विधान आज एआयच्या निमित्तानं पुन्हा कसाला लागलं आहे.

पद्धतींचा प्रवास

‘वॉटरफॉल’ या नावानं कॉलेजात शिकवली जाणारी पद्धत, म्हणजे आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, शेवटी टेस्टिंग, ही विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातून आली असं मानलं जातं. गंमत नाही, खंत वाटावी अशी गोष्ट ही, की त्याच निबंधात ती आकृती काढून रॉइस यांनी ही वाट धोक्याची असल्याचं लिहिलं होतं. कारण टेस्टिंग अगदी शेवटी येतं आणि तिथे मोठी चूक सापडली तर पुन्हा पहिल्या पायरीवर जावं लागतं. उद्योगानं आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला.

१९७६ मध्ये आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी कोड चालवून पाहण्याआधी चार माणसांनी बसून तो वाचण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. आजचा कोड रिव्ह्यू तिचाच वंशज. त्यानंतर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटचं ‘सीएमएम’ हे परिपक्वतेचं मोजमाप आलं. त्याचं महत्त्व भारतात फार वाढलं. नव्वदच्या दशकात आणि पुढे आपल्या कंपन्यांनी पाचव्या पातळीची प्रमाणपत्रं मिळवली आणि दूरच्या क्लायंटचा विश्वास कमावला. काम लिहून ठेवणं, चुकांची नोंद करणं, रिव्ह्यू चुकवायचा नाही, ही सवय आपल्या हजारो इंजिनिअरांना त्यातून लागली, आणि ती किंमत लहान नाही. पण कागद बिनचूक असतानाही क्लायंटला नको होतं तेच सहा महिने बनत राहू शकत होतं. ती चूक कळायची शेवटी, डिलिव्हरीच्या दिवशी.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि ‘अजाइल’चा जाहीरनामा निघाला. त्याच्या मुळाशी ही अडचण होती. केंट बेक यांची ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ पद्धत त्यातली सर्वांत ठोस. आधी टेस्ट लिहा, दोघांनी एका मशिनवर बसा, दिवसातून अनेकदा सगळ्यांचा कोड एकत्र जोडून चालवून पाहा. या प्रत्येक सवयीनं चूक कळण्याचा वेळ महिन्यांवरून मिनिटांवर येतो. पुढे बऱ्याच ठिकाणी अजाइलमधलं हे अवघड अंग गळून पडलं. सकाळचं स्टँड-अप, स्टोरी पॉइंट आणि दोन आठवड्यांचे स्प्रिंट तेवढे राहिले. स्टोरी पॉइंट अंदाजासाठी होते, त्यांची टार्गेट झाली. मोजमापाचं टार्गेट झालं की मोजमाप म्हणून ते निकामी होतं, हा अर्थशास्त्रातला गुडहार्टचा नियम इथे तंतोतंत लागू पडला.

२००९ मध्ये फ्लिकरच्या दोन इंजिनिअरांनी आपण दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड प्रॉडक्शनमध्ये नेतो असं एका परिषदेत सांगितलं. तीन महिन्यांतून एकदा रिलीज करणाऱ्यांना तो अविचार वाटला असेल. मग निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांवर आधारलेलं ‘ॲक्सिलरेट’ हे पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांची चार मोजमापं आज ‘डोरा’ नावानं ओळखली जातात: किती वेळा डिप्लॉय करता, कोड लिहिल्यापासून तो वापरात यायला किती वेळ लागतो, किती बदल बिघडतात आणि बिघाड झाल्यावर सावरायला किती वेळ लागतो. वेग हवा तर स्थैर्य सोडा, हा समज या अभ्यासानं मोडला. ज्या टीम वारंवार रिलीज करत होत्या त्यांच्याकडे बिघाडही कमी होते आणि त्या सावरतही लवकर होत्या. कारण सरळ आहे. बदल लहान असला की चूक शोधायची जागाही लहान असते.

पंचेचाळीस मिनिटं

चूक होणं आणि चूक कळणं यांच्यातलं अंतर वाढलं की काय होतं, याचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतल्या शेअर बाजारातली मोठी दलाली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला बाजारात एक नवी सोय सुरू होणार होती आणि त्यासाठी कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. माणसानं हातानं तो सात सर्व्हरवर टाकला, आठवा राहिला. ते पाहायला दुसरा माणूस नव्हता. नव्या कोडनं एक जुना फ्लॅग पुन्हा वापरात आणला होता. आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगचा अर्थ जुनाच होता: ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला प्रोग्रॅम सुरू करा.

बाजार उघडला आणि तो जुना प्रोग्रॅम थांबेचना, ऑर्डरमागून ऑर्डर टाकत सुटला. बाजार उघडण्याआधी कंपनीच्या प्रणालीनं चूक दाखवणारे ९७ ई-मेल पाठवले होते, पण ते धोक्याचा इशारा मानले जात नसल्यानं कुणी वाचले नाहीत. गडबडीत टीमनं बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला. आता आठही सर्व्हर बिघडले. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. कंपनी स्वतंत्रपणे फार काळ उरली नाही.

इथे कुणी हळू कोड लिहीत नव्हतं. मेलेला कोड नऊ वर्षं जागच्या जागी होता, डिप्लॉय करताना तपासणी नव्हती, इशारा योग्य माणसापर्यंत पोचत नव्हता आणि मागे फिरायची खात्रीची वाट नव्हती. बारा वर्षांनी, १९ जुलै २०२४ ला, क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पाडली आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते अपडेट टप्प्याटप्प्यानं न सोडता एकदम सगळीकडे गेलं होतं. आधी थोड्या मशिनवर सोडलं असतं, तर चूक तिथेच कळली असती.

एकट्याचा दिवस

व्यक्तिगत उत्पादकतेवरचं लिखाण याहून वेगळ्या वाटेनं गेलं. डेव्हिड ॲलन यांच्या २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’नं याद्या शिकवल्या. फ्रान्चेस्को चिरिलो यांच्या ‘पोमोडोरो’नं पंचवीस मिनिटांचा गजर दिला. कॅल न्यूपोर्ट यांच्या २०१६ च्या ‘डीप वर्क’नं सलग एकाग्रतेची बाजू मांडली. पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये नेमकी अडचण दाखवली: मॅनेजरचा दिवस तासातासाच्या तुकड्यांचा असतो, बनवणाऱ्याला अर्धा-अर्धा दिवस सलग लागतो. दुपारी तीनचा एक कॉल मॅनेजरचा तास घेतो आणि इंजिनिअरची अख्खी दुपार.

या बाबतीत ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मध्येमध्ये व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण ताण, वैताग आणि घाई यांची किंमत मोजून. ‘आमच्याकडे सगळे मल्टिटास्किंग करतात’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. काम होतं, पण ते माणसाच्या अंगावर निघतं.

तासांचं तसंच. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा देशभर वाद झाला. त्यांच्या इन्फोसिसचा जन्म १९८१ मध्ये पुण्यातच झाला, त्यामुळे इथे तो वाद घरचा वाटला. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं, की सत्तर तास राबलेल्यांचं उत्पादन छपन्न तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. ते हाताचं काम होतं. थकलेला इंजिनिअर तर याहून वाईट करतो. तो कमी काम करून थांबत नाही, उद्या दुसऱ्याला शोधायला लागतील अशा चुका आज मागे ठेवतो.

एकट्याच्या दिवसालाही तीच कसोटी लावावी असं मला वाटतं. काम इतकं लहान तोडायचं की आपण चुकलो का, हे आजच कळेल. टेस्ट चालायला पाऊण तास लागत असेल तर आधी ती वेगवान करायची. गरज नीट कळली नसेल तर तीन दिवस कोड लिहिण्याआधी दहा मिनिटं विचारून घ्यायचं. गजर आणि याद्या यांपेक्षा या सवयी जास्त वेळ वाचवतात.

एआयचा हिशेब

२०२१ मध्ये कोपायलट आलं, २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी, आणि २०२५ च्या सुरुवातीला आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द दिला: कोडकडे न पाहता नुसतं सांगत जायचं. दरम्यान पुरावे दोन्ही बाजूंचे जमले.

कोपायलटच्या सुरुवातीच्या एका प्रयोगात जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा सर्व्हर कोऱ्या पाटीवर लिहायचा होता. एआय वापरणाऱ्यांनी ते काम ५५.८ टक्के कमी वेळात केलं. मेटर या संस्थेनं २०२५ मध्ये वेगळा प्रयोग केला. सोळा अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रॅमर, त्यांना वर्षानुवर्षं माहीत असलेला त्यांचाच कोड आणि २४६ खरी कामं. कुठल्या कामात एआय वापरायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. २४ टक्के वेळ वाचेल असं त्यांना आधी वाटलं. काम झाल्यावरही २० टक्के वाचला असं वाटलं. घड्याळानं मात्र १९ टक्के जास्त वेळ दाखवला. सूचना लिहिणं, उत्तराची वाट पाहणं आणि आलेलं तपासणं यात तो गेला. हे निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावू नयेत, असं संशोधकांनीच बजावलं. तरी एक गोष्ट उरते: आपण वेगात आहोत ही भावना आणि खरा वेग यांची फारकत होऊ शकते.

‘डोरा’च्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर वाढला तिथे डिलिव्हरीचा वेग किंचित आणि स्थैर्य बरंच घसरल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी वेगाचा संबंध सुधारला, स्थैर्याचा नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के लोक ही साधनं वापरत होते किंवा वापरणार होते, आणि ६६ टक्क्यांची मुख्य तक्रार होती ‘जवळपास बरोबर, पण पूर्ण नाही’ अशा उत्तरांची.

‘जवळपास बरोबर’ म्हणजे काय, ते पाहू. समजा पैसे भरण्याच्या प्रणालीत रोजचा हिशेब काढायचा आहे. एआयनं सुबक कोड दिला, नावं नेटकी, टेस्टही दिल्या, सगळ्या पास. कोड तारीख घेतो सर्व्हरच्या घड्याळावरून, आणि सर्व्हर चालतो यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. टेस्टमधले सगळे व्यवहार दुपारचे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान भरलेले पैसे आदल्या दिवशी जमा होतात, हे कुणाला दिसत नाही. १ एप्रिलच्या पहाटे दोनला कुणी पैसे भरले की ते मागच्या आर्थिक वर्षात जातात. चाळीस ओळींच्या पुल रिक्वेस्टमध्ये हे अनुभवी डोळ्याला खटकेल. बाराशे ओळींची पुल रिक्वेस्ट संध्याकाळी सहाला आली, तर रिव्ह्यू करणारा खालीवर स्क्रोल करून ‘अप्रूव्ह’ दाबतो. पूर्वी बाराशे ओळी लिहायला आठवडा जायचा, आता त्या तासात येतात. त्या समजून घेण्याचा वेळ होता तेवढाच आहे. धरणातून जास्त पाणी सोडलं आणि कालवा जुनाच ठेवला, तर टेलच्या शेताला जास्त पाणी मिळत नाही, कालवा फुटतो.

यंत्रानं कोड लिहिणं आपल्याला अगदीच नवं नाही. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये मॉडेलवरून कोड तयार करण्यावर पुढे कित्येक वर्षं काम झालं. तिथे माणूस मॉडेल नेमकं ठरवायचा आणि ठरलेल्या नियमांनी कोड निघायचा. आजची साधनं मोघम बोलण्यातूनही कोड देतात. नेमकेपणाची सक्ती गेली, जबाबदारी मात्र माणसाकडेच राहिली.

आपल्याकडे काय करायला हवं

महाराष्ट्रातल्या आयटीचा मोठा भाग अजून तासांच्या हिशेबावर चालतो. टाइमशीट भरायचं, तास बिलेबल आहेत का बघायचं, बेंचवर जायचं टाळायचं. या रचनेत चूक लवकर पकडणाऱ्याचा सन्मान होत नाही, कारण न घडलेला बिघाड बिलात दिसत नाही. आता एआयमुळे तास कमी होतील तसे तासांवर उभे असलेले करार डळमळतील. त्या जागी ओळींचा किंवा एआयच्या वापराचा टक्का मोजायला सुरुवात झाली, तर लिसाच्या टीमचा फॉर्म आपण नव्यानं छापलेला असेल.

कंपन्यांनी करारात चार गोष्टी आणाव्यात: बदल किती दिवसांत वापरकर्त्यापर्यंत पोचतो, किती बदल बिघडतात, बिघाड किती वेळात कळतो आणि किती वेळात सावरतो. हे आकडे टीमचे राहावेत, अप्रेझलमध्ये एकेकट्याच्या माथी मारू नयेत. रिव्ह्यूला कामाचा वेळ द्यावा, उरलेला नव्हे. एआयनं कितीही लिहिलं तरी एका वेळी पुढे जाणारा बदल लहानच ठेवावा, आणि मागे फिरायची वाट आधी तपासून घ्यावी.

फ्रेशरांची काळजी सर्वांत मोठी. साधं काम यंत्राकडे गेलं की नवा माणूस शिकणार कुठे? माझं उत्तर आहे, वाचनात. पहिली दोन वर्षं त्यांना सिनिअरच्या शेजारी बसवून दुसऱ्याचा आणि यंत्राचा कोड वाचायला, त्यात चूक शोधायला, टेस्ट लिहायला आणि बिघाडानंतरच्या चर्चेत बोलायला लावावं. इंजिनिअरिंग कॉलेजांनीही प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये छापील प्रोग्रॅम उतरवून घेणं थांबवावं. बिघडलेला प्रोग्रॅम द्यावा, तो का बिघडला ते शोधायला सांगावं, आणि त्यालाच गुण द्यावेत. लिहिणं स्वस्त झालं आहे. चूक वेळेत ओळखणारा माणूस घडवायला पूर्वीइतकीच वर्षं लागतात, आणि ती वर्षं द्यायची की नाही हे यंत्र ठरवणार नाही, आपण ठरवणार आहोत.